रांगेत उभे राहून वाढायचे कसे?

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, रॅरिटन नदीच्या काठी पिस्कॅटवे आहे. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६०,८०४ भरली. एडिसन आणि इझलिनबरोबर हे नावही आता पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत सहज कानावर येते, कारण कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी सून इथे नोकरीला असते. या गावाच्या हद्दीत तीन वेगळ्या जातीच्या संस्था नांदल्या. रटगर्स विद्यापीठाचे बुश आणि लिव्हिंग्स्टन हे दोन परिसर इथे आहेत. होज लेनवर आयईईई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे कामकाजाचे केंद्र आहे. आणि इथेच टेलकॉर्डिया ही दूरध्वनी जाळ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मोठी कंपनी होती. विद्यापीठ, व्यवसायसंघटना आणि कंपनी या तिघींपैकी नोकरदाराचा सगळा जीव कंपनीत अडकलेला असतो. पगार तिचा, हुद्दा तिचा, आणि माणूस एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर या देशात राहण्याची परवानगीही तिच्याच अर्जावर. माझे म्हणणे असे आहे की वीस-तीस वर्षांच्या कारकिर्दीत या तिघींतली सर्वांत कमी टिकणारी गोष्ट कंपनीच असते. म्हणून नोकरी कंपनीत करावी, पण आपली वाढ मात्र व्यवसायाच्या खात्यात जमा होत राहील असे पाहावे. परदेशातल्या परवानग्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या मराठी माणसाला तर याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

टेलकॉर्डियाचीच गोष्ट घ्या. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या बलाढ्य दूरध्वनी कंपनीचे न्यायालयातल्या तडजोडीनुसार विभाजन झाले. त्यातून निघालेल्या सात प्रादेशिक कंपन्यांनी संशोधनासाठी आणि समान मानकांसाठी मिळून बेलकोर उभी केली. पिस्कॅटवेत तिचे मोठे केंद्र होते. काम अव्वल होते. तांब्याच्या साध्या टेलिफोन तारेवरून घरोघरी वेगवान इंटरनेट पोचवणाऱ्या एडीएसएलची मूळ कल्पना बेलकोरच्या जोसेफ लेचलायडर यांची. अशा ठिकाणी चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत निश्चिंत, असे तेव्हा कुणालाही वाटले असते. पण १९९७मध्ये ही कंपनी एसएआयसी या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि १९९९मध्ये तिचे नाव टेलकॉर्डिया झाले. २००५मध्ये दोन गुंतवणूक संस्थांनी ती सुमारे १३० कोटी डॉलरना घेतली. जानेवारी २०१२मध्ये ती ११५ कोटी डॉलरना स्वीडनच्या एरिक्सनकडे गेली. २८ वर्षांत मालकीची चार रूपे झाली. यात कुणी दुष्टपणा केला असे नाही. दूरध्वनीचा धंदाच तारेवरून मोबाइलवर आणि इंटरनेटवर सरकला, आणि कंपन्यांची खरेदी-विक्री हे भांडवलाचे नेहमीचे वागणे आहे. पण तिथे बसून उत्तम काम करणाऱ्या अभियंत्याच्या पुढच्या पायरीचा निर्णय दरवेळी त्याला न ओळखणाऱ्या माणसांनी घेतला, हे तेवढेच खरे.

अशा वेळी माणसाचे काय होते, याचा अर्थशास्त्रात चांगला अभ्यास झाला आहे. गॅरी बेकर यांनी १९६४च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात कौशल्याचे दोन भाग पाडले. कुठेही उपयोगी पडणारे ते सर्वसाधारण, आणि एकाच कंपनीत उपयोगी पडणारे ते विशिष्ट. दूरध्वनी कंपन्यांत टर्क्स नावाची एक जुनी, अवाढव्य प्रणाली होती. कोणती लाइन, कोणते उपकरण कुठे जोडलेले आहे याची नोंद ती ठेवी. तिच्या कुठल्या पडद्यावर कोणता संकेत टाकायचा, हे विशिष्ट ज्ञान. एवढ्या मोठ्या जाळ्याची नोंद रचायची कशी, चुका कशा शोधायच्या, जुना साठा नव्या प्रणालीत न हरवता कसा न्यायचा, हे सर्वसाधारण ज्ञान. एकाच खुर्चीवर बसून माणूस दोन्ही शिकतो, आणि आपण नेमके काय शिकलो हे त्याला नोकरी जाईपर्यंत कळत नाही. जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी १९९३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांच्या वेतननोंदींवर प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवावा. एकाच मालकाकडे सहा वा अधिक वर्षे काढलेल्या आणि मोठ्या कपातीत नोकरी गमावलेल्या लोकांचे उत्पन्न, पुढे नवी नोकरी मिळूनही, कित्येक वर्षे आधीच्या मानाने सरासरी २५ टक्क्यांनी कमी राहिले. निष्ठेने घालवलेल्या वर्षांची किंमत त्या कंपनीच्या दारापर्यंतच होती. त्या अभ्यासातल्या लोकांना दुसरी नोकरी शोधायला सहसा कुणाची परवानगी लागत नव्हती. मराठी अभियंत्याचे गणित याहून अवघड आहे.

एच-१बी ही वर्गवारी १९९०च्या कायद्याने आली. हा व्हिसा तीन वर्षांचा, वाढवला तर सहसा सहा. पुढे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात, आणि त्यांत बायको-मुलेही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत, मग तो देश आइसलँड असो की भारत. पदव्युत्तर पात्रतेच्या ईबी-२ या वर्गात वर्षाला सुमारे ४० हजार जागा धरल्या, तर भारताचा हक्काचा हिस्सा जेमतेम २,८०० उरतो. इतर देशांच्या न वापरलेल्या जागा कधी वाट्याला येतात, कधी येत नाहीत. २०२५च्या उन्हाळ्यात या वर्गातली भारतासाठीची तारीख १ जानेवारी २०१३ होती. म्हणजे २०१२ संपण्याआधी रांगेत शिरलेल्यांचा नंबर बारा-साडेबारा वर्षांनी लागत होता. तिशीत रांगेत उभा राहिलेला माणूस बेचाळिशीत बाहेर पडतो. कारकीर्द घडण्याची वर्षे नेमकी हीच.

या रांगेतून इथल्या मराठी घरांत एक व्यवहारज्ञान तयार झाले आहे: कार्ड येईपर्यंत हलायचे नाही. ते वेडेपणाचे नाही. ग्रीन कार्डासाठी कंपनीला आधी पर्म नावाचे श्रमखात्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यात कामाचे स्वरूप, पात्रता आणि ठिकाण नेमके लिहिलेले असते. त्या वर्णनाहून बरेच वेगळे काम असलेली बढती घेतली तर प्रमाणपत्र नव्याने करावे लागू शकते, आणि त्याचा खर्च नियमाने कंपनीनेच सोसायचा असतो. त्यामुळे अनेक ठिकाणी बढती द्यायला वरिष्ठ कचरतात आणि घ्यायला कर्मचारी कचरतो. दहा वर्षे एकाच हुद्द्यावर काम केलेला बायोडेटा मग पुढच्या मुलाखतीत त्याच्याविरुद्ध बोलतो. नोकरी गेलीच तर नवा मालक, दुसरा दर्जा किंवा परतीचे तिकीट यांपैकी एक निवडायला बहुतेकांना जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्यात नियम एका रात्रीत बदलू शकतात. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ते आधीपासून अमेरिकेत असलेल्यांच्या मुदतवाढीला लागू नाही, हे स्पष्ट होईपर्यंत कितीतरी घरांत धाकधूक होती. अशा हवेत जागचे न हलण्याचा सल्ला देणाऱ्या काकाला दोष कसा द्यायचा?

तरीही तो सल्ला अपुरा आहे, आणि अपुरा का आहे हे कायद्यातच दिसते. ऑक्टोबर २००० पासून एच-१बीवरच्या माणसाला नव्या मालकाचा अर्ज दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी रुजू होता येते. ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला आय-१४० अर्ज एकदा मंजूर झाला की रांगेतली आपली तारीख सहसा आपल्याबरोबर येते, कंपनी बदलली तरीही. मंजुरीला १८० दिवस उलटले असतील तर जुन्या मालकाने केवळ अर्ज मागे घेतला म्हणून ती मंजुरीही रद्द होत नाही. नव्या कंपनीला पर्म पुन्हा करावे लागते, वेळ जातो, धोका असतो, आणि हे सगळे चांगल्या वकिलाला विचारूनच करावे. पण रांगेतला नंबर कंपनीचा नसून माणसाचा असतो, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. न हलण्याची दुसरी बाजू त्याहून मोठी आहे. आपण हललो नाही म्हणून कंपनी हलायची थांबत नाही. २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली, तेव्हा कपात झालेल्यांत वर्षानुवर्षे जागचे न हललेले लोकही होते. स्थिर राहिल्याने जी सुरक्षितता मिळेल असे वाटते ती कपातीच्या दिवशी मिळत नाही, आणि त्या दिवशी पुढे करायला दहा वर्षे न बदललेला हुद्दा असतो.

मग हुद्दा अडकलेला असताना वाढ कुठे व्हायची? इथे आयईईईचे उदाहरण फार बोलके आहे. १८८४ची एआयईई आणि १९१२ची आयआरई या दोन संस्था एकत्र येऊन १९६३मध्ये ती झाली. आज तिचे जगभरात ४ लाखांहून अधिक सदस्य आहेत. आपल्या घरातला वायफाय ज्या ८०२.११ मानकावर चालतो ते या संस्थेच्या ८०२ समितीचे काम. या समितीत माणूस कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मत देत नाही. बैठकांना नियमाने हजर राहून मताधिकार मिळवायचा असतो आणि तो त्या व्यक्तीचा असतो. नोकरी बदलली, कंपनी विकली गेली, तरी मत आपलेच. दर्जा असाच चालतो. वरिष्ठ सदस्य होण्यासाठी दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव, त्यातली पाच वर्षे उल्लेखनीय काम आणि त्याच क्षेत्रातल्या जाणत्या लोकांच्या शिफारशी लागतात. कंपनीतल्या हुद्द्याची अट नाही. दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासणे, एखाद्या परिषदेची कार्यक्रम समिती सांभाळणे, खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नियमित भर घालणे, या कामांत ज्याला आपण वाढ म्हणतो ते सगळे घडते. निर्णय घ्यावा लागतो, तो अनोळखी माणसांसमोर पटवून द्यावा लागतो, आणि आपले नाव आपल्या कामाशी जोडले जाते. पर्मच्या कागदावरचे एक अक्षरही यासाठी बदलावे लागत नाही. समितीच्या बैठकांचा प्रवासखर्च कंपनीकडून मिळाला नाही तर त्या खिशाला परवडत नाहीत, हे खरे. निबंध तपासायला मात्र प्रवास लागत नाही.

यात कायद्यानेही एक वाट ठेवली आहे. ग्रीन कार्डाच्या ईबी-१ वर्गातला असाधारण गुणवत्तेचा प्रकार आणि ईबी-२मधली राष्ट्रहिताची सवलत, या दोन्हींसाठी माणूस स्वतःचा अर्ज स्वतः करू शकतो, मालकाची गरज नाही. पहिल्या प्रकारात तपासल्या जाणाऱ्या पुराव्यांत इतरांच्या कामाचे परीक्षण, क्षेत्राला दिलेले मौलिक योगदान आणि अभ्यासपूर्ण लेखन यांचा समावेश आहे. म्हणजे कंपनीबाहेर जमवलेल्या व्यावसायिक प्रतिष्ठेला कायदा स्वतंत्र किंमत देतो. याचा गैरफायदा घेणारा बाजारही उभा राहिला आहे. पैसे देऊन मिळणारे पुरस्कार, कुणी न वाचलेले निबंध, नावापुरती परीक्षक पदे. अशा कागदांकडे अधिकारी आता बारकाईने पाहतात, आणि ते तसे पाहतात हे योग्यच आहे. अर्ज भरण्यासाठी केलेले परीक्षण आणि विषयाच्या ओढीने केलेले परीक्षण यांतला फरक पाच वर्षांच्या कामात लपत नाही. राष्ट्रहिताच्या सवलतीने रांगही कमी होत नाही, कारण तीही ईबी-२चीच रांग. पण तिथे आपण कुणा एका मालकाच्या मर्जीवर उभे नसतो, आणि या गावात ती गोष्ट लहान नाही.

अभियंते सोडून इतरांना हे कसे लागू पडते? त्यांना ते जास्त सोपे आहे, असे म्हणता येईल. परिचारिकेचा परवाना, औषधनिर्मात्याचा परवाना, हिशेबनिसाचे सीपीए हे सगळे राज्याने व्यक्तीला दिलेले असते. रुग्णालय विकले गेले म्हणून परिचारिकेचा परवाना रद्द होत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असा परवाना नाही, म्हणून तिथल्या माणसाला त्याची जागा भरणारे काहीतरी स्वतः उभे करावे लागते.

एक प्रामाणिक आक्षेप वेळेचा. सकाळी एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची गाडी, संध्याकाळी मुलांची कथ्थक नि गणिताची शिकवणी, रात्री भारतातल्या टीमबरोबर कॉल. यात समित्या कुठे बसवायच्या? हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, तो मान्यच करायला हवा. पण मोजमाप ठीक करू या. आठवड्याला दोन तास, वर्षाला शंभर. रटगर्सचा एखादा अभ्यासक्रम किंवा शेजारच्या एडिसनमधल्या मिडलसेक्स कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग यातून होतो, आणि एच-१बीवर असताना असे अर्धवेळ शिक्षण घेता येते. पैशाचेही तसेच. कंपनीने कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत केलेला खर्च कायद्याने करमुक्त धरला जातो, आणि अनेक कंपन्यांत ही सोय असूनही कुणी मागत नाही. दुसरा आक्षेप कन्सल्टिंग कंपन्यांतून ग्राहकाच्या कार्यालयात बसवलेल्या लोकांचा आहे. तो अधिक वजनदार आहे. ज्याचा करार सहा महिन्यांचा आणि पुढच्या महिन्याचे भाडे त्यावर अवलंबून, त्याला व्यावसायिक पत जमवायला सांगणे सोपे आणि जमवणे कठीण. त्याच्यासाठी पहिली पायरी वेगळी आहे: दर प्रकल्पात आपण कोणते सर्वसाधारण ज्ञान मिळवले ते लिहून ठेवणे आणि त्या भाषेत बोलायला शिकणे. त्याला संघटनेची पायरी नंतर.

ओळखींच्या बाबतीत मात्र मराठी समाजाने आपली सवय तपासून पाहावी असे मला तीव्रतेने वाटते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारले, की नोकरी ज्यांच्यामार्फत मिळाली त्यांना तुम्ही किती वेळा भेटत होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांची ती ओळख वारंवार भेटणाऱ्याची होती. बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांची. कारण सरळ आहे. रोजच्या मित्राला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. पुढे २०२२मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवरचा मोठा प्रयोग ‘सायन्स’मध्ये आला, आणि त्यातही मध्यम कमकुवत ओळखीच नोकरीबदलाला सर्वाधिक उपयोगी ठरल्या. आपले मित्रमंडळ मात्र बहुधा एकाच वर्षी आलेले, एकाच धंद्यातले, एकाच व्हिसावरचे. त्यात माया आहे, अडीअडचणीला धावून येणे आहे, पण बातमी सगळ्यांना एकच. न्यू जर्सीच्या मराठी विश्वसारख्या मंडळात मात्र १९६५च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर आलेले डॉक्टर आणि संशोधक, नव्वदीत आलेले प्रोग्रॅमर आणि परवा पदवी घेतलेली मुले एकाच सभागृहात बसतात. ही कमकुवत ओळखींची खाणच आहे, आणि गणपतीच्या पंगतीनंतर ती वर्षभर बंद असते. मंडळाचे कोषाध्यक्षपद किंवा नाट्यमहोत्सवाचे नियोजन ही बिनपगारी सेवा असल्याने व्हिसाच्या आड येत नाही, आणि अंदाजपत्रक, माणसे, कंत्राटदार सांभाळण्याचा जो अनुभव कंपनी दहा वर्षे देत नाही तो इथे एका मोसमात मिळतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र बोलले जाते त्याहून कमी मोजले जाते, आणि ते घरातल्या दुसऱ्या माणसाचे, बहुतेक वेळा बायकोचे असते. पुण्यात बँकेत किंवा प्रयोगशाळेत काम करणारी बाई एच-१बीवरच्या नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर इथे आली की तिला नोकरीची परवानगी नसते. २६ मे २०१५ पासून, नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल तर, तिला कामाचे परवानापत्र मागता येते. तोपर्यंत मधली काही वर्षे गेलेली असतात आणि आत्मविश्वासही. या वर्षांत तिला शिकता येते, परवाना परीक्षांची तयारी करता येते, स्वयंसेवी काम करता येते, व्यवसायसंघटनेचे सदस्य होता येते. घरातल्या वेळेची आणि पैशाची वाटणी करताना तिची वाढ हा ग्रीन कार्डइतकाच गंभीर विषय मानला, तर परवानापत्र हाती येते त्या दिवशी ती रिकाम्या हाताने उभी राहत नाही. मधल्या वर्षांत आपला विषय सोडून दिलेली बाई आणि त्याच्याशी संपर्क ठेवलेली बाई यांना मिळणाऱ्या पहिल्या नोकरीत फार मोठे अंतर पडते.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी या भागात एक चांगली सोय आहे आणि ती पुरेशी माहीत नाही. नदीपलीकडे न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सचे हेल्ड्रिच सेंटर आहे. त्याने २०१५मध्ये न्यू स्टार्ट करिअर नेटवर्क सुरू केले, न्यू जर्सीतल्या ४५ वर्षांवरील, दीर्घकाळ नोकरीविना राहिलेल्यांसाठी, विनामूल्य. त्याच्या जोडीला राज्याचा कायदाही ठाऊक असावा. १० एप्रिल २०२३ पासून न्यू जर्सीत १०० वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ९० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो. तीन महिन्यांची ही आगाऊ सूचना एच-१बीवरच्या माणसाला फार मोलाची आहे, कारण त्याच्या ६० दिवसांची गणना सहसा नोकरीचा शेवटचा दिवस उलटल्यावर सुरू होते. अशा गोष्टी मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांत फराळाच्या ऑर्डरींइतक्याच नेमाने फिरायला हव्यात. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना हजारो माणसे जमतात. २०२२चे अधिवेशन तर न्यू जर्सीतच, अटलांटिक सिटीला झाले. ती गर्दी दोन वर्षांतून एकदा. त्याच्या मधल्या काळात कोण कुठल्या मानक समितीवर आहे, कुणी वयाच्या चाळिशीत सीपीए केले, कुणाचा स्वतःचा अर्ज मंजूर झाला आणि कुणाचा का फेटाळला गेला, एवढी यादी एखाद्या मंडळाने केली आणि वर्षातून चार शनिवारी पिस्कॅटवेच्या केनेडी ग्रंथालयातल्या एखाद्या खोलीत या लोकांना नवख्यांसमोर बसवले, तर त्याला ना देणगी लागेल ना प्रायोजक.